पाच वर्षांत निम्मी किंमत? एका रूढ समजुतीचं खंडन

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहणाऱ्या माणसाला गाड्यांबद्दल मत नाही, असं सहसा होत नाही. एका बाजूला वल्लभनगरचं एसटी स्थानक, दुसऱ्या बाजूला वायसीएम रुग्णालयापुढे उभ्या असलेल्या रुग्णवाहिका, आणि घराघरात टेल्को, बजाज, फोर्स किंवा चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी केलेला कोणीतरी. गाडी बनवणाऱ्यांचीच ही वस्ती. तरीही गाडीच्या किमतीचा विषय निघाला की इथेही तेच ठरलेलं वाक्य ऐकू येतं: शोरूमबाहेर पडली की वीस टक्के गेले, पाच वर्षांत निम्मी, दहा वर्षांनी भंगार. त्याला जोडून सल्लाही ठरलेला. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत विकून मोकळं व्हा.

मला हे वाक्य चुकीचं वाटतं आणि त्याहून जास्त, ते नुकसान करणारं वाटतं. त्याच्या भरवशावर चांगल्या गाड्या मातीमोल विकल्या जातात आणि टेम्पोवाल्यांचं भांडवल त्यांच्या नकळत संपतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो पोकळ नाही. त्याचा पहिला आधार विम्याचा तक्ता आहे. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफमधली घसाऱ्याची टक्केवारी आजही पॉलिसीवर छापलेली दिसते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. दुसरा आधार अनुभवाचा. वर्षभर वापरलेली गाडी विकायला काढली की आपण मोजलेली रक्कम आणि समोरून येणारा भाव यांतली दरी छातीत धस्स करणारी असते. तिसरा आधार शास्त्राचा. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या तिघांत ते होते. गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीचा भाव संशयाने पाडतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावाला विकत नाही, आणि बाजारात खराब गाड्याच उरत जातात, असा तो युक्तिवाद.

आता तक्त्यापासून सुरुवात करू. हा तक्ता स्कूटर, मोटार, पिकअप आणि बस यांना एकच आहे. ज्या कोष्टकात बोलेरो पिकअप आणि स्कूटर एकाच वेगाने म्हाताऱ्या होतात, ते गाडीचं मोजमाप असूच शकत नाही. ते मोजमाप म्हणून केलेलंही नाही. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर किती रक्कम द्यायची, यावर वाद होऊ नये म्हणून आधीच ठरवलेला तो आकडा आहे. शिवाय हा घसारा धरायचा असतो तो तुम्ही त्या वेळी मोजलेल्या पैशांवर नाही, तर पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी त्या मॉडेलची जी छापील किंमत असेल तिच्यावर. म्हणजे जुन्या गाडीचं मोल नव्या गाडीच्या आजच्या भावाला बांधलेलं आहे, हे त्या तक्त्यालाही मान्य आहे. पाच वर्षांनंतर तर तो गप्पच होतो. पुढची रक्कम विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची आहे.

त्याच टॅरिफमध्ये दुरुस्तीच्या भरपाईसाठी सुट्या भागांची वेगळी टक्केवारी आहे आणि ती जास्त प्रामाणिक आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांना ५० टक्के, फायबरग्लासला ३०, काचेला शून्य. धातूच्या भागांना वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काहीच नाही, पाचव्या वर्षापर्यंत ३५, दहा वर्षं उलटल्यावर ५०. एकाच गाडीची काच अजिबात जुनी होत नाही, टायर पहिल्याच दिवशी निम्मा होतो आणि चासी दहा वर्षं तग धरते. गाडी म्हणजे वेगवेगळ्या आयुष्यांच्या भागांची जुळणी, हे विमावाल्यांना पक्कं ठाऊक आहे.

बरं, सरकारदरबारी तरी एकमत आहे का? प्राप्तिकरात धंद्यासाठी वापरलेल्या खासगी मोटारीला घटत्या शिलकीवर दर वर्षी १५ टक्के घसारा मिळतो, भाड्याने चालवायच्या गाडीला ३० टक्के आणि विजेवर चालणाऱ्या वाहनाला ४० टक्के. कंपनी कायदा २०१३च्या दुसऱ्या परिशिष्टात स्कूटर-मोटारसायकलीचं उपयुक्त आयुष्य १० वर्षं धरलंय, भाड्याच्या गाडीचं ६, इतर मोटारींचं ८ आणि विजेच्या वाहनाचंही ८. आता प्रत्येकी शंभर रुपयांच्या गाड्या धरून पाच वर्षांचा हिशेब करा. विम्याच्या तक्त्यात ५० रुपये उरतात. प्राप्तिकरात खासगी मोटारीचे ४४, टॅक्सीचे १७ आणि विजेच्या गाडीचे जेमतेम ८. कंपनीच्या वहीत, शेवटी ५ टक्के शिल्लक धरून समान हप्त्यांनी घसारा काढला तर मोटारीचे ४१, स्कूटरचे साडेबावन्न, टॅक्सीचे २१. यांतला खरा आकडा कोणता? एकही नाही. विजेच्या गाडीला ४० टक्के दिलेत ते ती लवकर झिजते म्हणून नाही. लोकांनी ती घ्यावी म्हणून दिलेली ती करसवलत आहे. प्रत्येक तक्ता आपापल्या कामासाठी केलाय. त्यातला एक उचलून त्याला निसर्गनियम करायचा, तिथे घोटाळा होतो.

शोरूमबाहेरच्या वीस टक्क्यांचं गणितही तपासून बघा. आठ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल मोटार महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतली तर ११ टक्के दराने ८८,००० रुपये रस्ता कर लागतो. विमा, नोंदणी आणि किरकोळ खर्च धरून ती सव्वानऊ लाखांच्या आसपास रस्त्यावर येते. वर्षाने विकताना लोक तुलना करतात ती या सव्वानऊशी. त्यातले सव्वा लाख, म्हणजे साडेतेरा टक्के, गाडीचे नव्हतेच. विम्याचं वर्ष तुम्ही वापरून संपवलंत. रस्ता कर पंधरा वर्षांचा एकदम भरलाय आणि राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर उरलेल्या चौदा वर्षांचा लाभ घेणाऱ्याला मिळतो. भाव करताना हा मुद्दा काढणारा विकणारा फार क्वचित भेटतो. त्यामुळे तो लाभ फुकट जातो आणि दोष गाडीच्या माथी येतो.

अकरलॉफ यांचं म्हणणं मी आदराने बाजूला ठेवतो, खोडून काढत नाही. संशयाने भाव पडतो हे खरंच आहे. पण जुन्या बाजारात खराब माल उरतो, हा निष्कर्ष प्रत्यक्ष तपासल्यावर सरसकट टिकला नाही. एरिक बाँड यांनी १९८२मध्ये अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांच्या दुरुस्तीची माहिती पडताळली. जुन्या बाजारातून घेतलेल्या पिकअपना, पहिल्या मालकाकडेच राहिलेल्या त्याच वयाच्या पिकअपपेक्षा जास्त मोठी दुरुस्ती लागलेली दिसली नाही. पुढे फार जुन्या गाड्यांबद्दल यावर वाद झाले, ते व्हायलाच हवेत. मला यातून घ्यायचंय ते इतकंच की संशय दूर करायचे उपाय बाजार स्वतःच शोधतो आणि आपल्या पट्ट्यात ते रोज दिसतात.

चाकणला जुनी पिकअप घ्यायला गेलेला जाणता माणूस काय करतो ते पाहा. तो आधी मीटर बघत नाही, कारण मीटर मागे करता येतं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो आणि तिथून धूर फेकला जातोय का ते बघतो. मग वाकून चासीवर कुठे वेल्डिंग मारलंय का ते शोधतो, पाट्यांची कमान किती बसली ते बघतो, हौद्याच्या सांध्यांत बोट घालून गंज चाचपतो. पाटे बसलेले आणि चासी जोडलेली असेल तर गाडीवर क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिलाय हे त्याला कळलेलं असतं, मग आरसीवर तीनच वर्षं का दिसेनात. त्यानंतर कागद: बोजा उतरलाय का, फिटनेस कधीपर्यंत, विमा चालू आहे का, चलनं थकलीत का. वय या यादीत शेवटी येतं. गाडीत अजून किती काम शिल्लक आहे आणि ते करू देतील असे कागद आहेत का, यांवर भाव ठरतो. मला मंडन करायचंय ते याच गोष्टीचं: गाडीची किंमत म्हणजे तिच्यात उरलेल्या कामाचा भरवसा. आणि तो भरवसा गाडीच्या जातीप्रमाणे वेगवेगळ्या कारणांनी ढळतो.

कधी तो ढळण्याऐवजी वाढतोही. आकुर्डीत १९७२पासून निघालेली बजाज चेतक आठवा. परवाना राजमध्ये उत्पादनाला मर्यादा होती, नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि नंबर लागलेली स्कूटर घरी यायच्या आधीच तिच्यावर ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, मिळत असे. वापरलेली स्कूटर छापील किमतीपेक्षा जास्त भावाने जाई. ती काय झिजत नव्हती? तिरकी करून किक मारावी लागे तेव्हा चालू होई अशी तिची अवस्था अनेकदा असे. पण नवी मिळत नव्हती आणि जुनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडेही दुरुस्त होत होती. पत्र्याचं अंग, ठोकून सरळ करता येणारं. असलं काही पुन्हा घडणार नाही म्हणणाऱ्यांनी २०२१ बघितलं. चिपचा तुटवडा पडला, चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७००च्या काही प्रकारांना वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं, आणि अमेरिकेत जून २०२१मध्ये वापरलेल्या गाड्यांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा ४५ टक्क्यांनी चढले होते. गाड्यांचं वय तर त्या वर्षातही बारा महिन्यांनीच वाढलं होतं.

उलट बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ला लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि वरचा उपकर गेला. २९ टक्के कर असलेली लहान पेट्रोल मोटार १८वर आली म्हणजे नवी साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरली. आदल्या रात्री दारात उभी असलेली जुनी गाडी एक किलोमीटरही न चालता सकाळी स्वस्त झाली, कारण कोणीही नव्याच्या भावाच्या हिशेबानेच जुनीला भाव देतो. मार्च २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून थांबवली, तेव्हा तर कोऱ्या दुचाकींची किंमत शोरूममध्येच पडली आणि शेवटच्या दोन दिवसांत हजारोंच्या सवलतीवर रांगा लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात जनरल मोटर्सने भारतातली विक्री बंद करण्याचं जाहीर केलं. तळेगावला बनलेली शेवरोले बीट तेव्हाही पूर्वीइतकंच अंतर कापत होती, सुटे भाग आणि सर्व्हिस चालू राहील असं कंपनी सांगत होती. तरी भाव कोसळला. पुढे भाग मिळतील का, या शंकेनेच तो कोसळला. या तिन्ही घटनांत झीज शून्य आहे.

आता प्रकारांकडे येऊ. घरची मोटार झिजते कमी आणि मागे पडते जास्त: नवं मॉडेल, नवी सुरक्षा, नवा कर. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चाललेली गाडी उत्तम, हाही एक गैरसमजच. वसाहतीच्या गल्लीत महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी मरते, टायर एकाच जागी दबतात, उंदीर वायरी कुरतडतात. रिक्षाची गोष्ट निराळी. जोवर परवाने मर्यादित होते तोवर जुन्या रिक्षेच्या व्यवहारात परवान्याचं मोल दडलेलं असे. २०१७मध्ये राज्य सरकारने परवान्यांवरचं बंधन उठवलं आणि ते मोल ओसरलं. इंजिनाला त्याचा पत्ताही नव्हता.

एसटीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. आपल्या शेजारी दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे चासीवर बॉडी चढते आणि बॉडी थकली की जुन्या चासीवर नवी पोलादी बॉडीही चढवली गेली आहे. २०२०च्या टाळेबंदीत महामंडळाने जुन्या बसगाड्यांचे मालट्रक करून मालवाहतूक सुरू केली. प्रवासी बस म्हणून आयुष्य संपलेल्या गाडीत ओझी वाहण्याचं आयुष्य शिल्लक होतं. बॉडी, इंजिन आणि चासी यांचे हिशेब वेगळे ठेवले तर एका गाडीतून दोन-तीन आयुष्यं निघतात. मग केंद्राचा नियम आला: १ एप्रिल २०२३पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी चालू राहणार नाही. त्यानंतर गाडी कितीही धडधाकट असली तरी तिची किंमत लोखंडाची. तिथे वयच निर्णायक ठरलं हे मान्य. पण ते वय कायद्याने निर्णायक केलं, झिजेने नाही.

या नियमावरून खासगी मालकांत फार भीती पसरली आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन बंदीचा जो विषय आहे, तो दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा. आपल्या एमएच-१४च्या गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर आहे. तो खर्च भावातून वजा करा, पण गाडीच भंगारात घालू नका.

विजेच्या गाड्यांबद्दल लोक दुसऱ्या टोकाला गेलेत: बॅटरी गेली की सगळं गेलं. निगडी आगारातून पीएमपीच्या विजेच्या बस २०१९पासून धावल्या. त्या किलोमीटरमागे पैसे देण्याच्या करारावर, म्हणजे किंमत उतरण्याची जोखीम ठेकेदाराकडे ठेवूनच घेतल्या गेल्या. जोखीम आहे, नाही कोण म्हणतं? पण ती दोन्हीकडून चालते. नवी बॅटरी स्वस्त होत जाते तशी नवी गाडी स्वस्त होते आणि जुनीचा भाव पडतो, तसंच जुनीत नवी बॅटरी टाकणंही परवडायला लागतं. नव्या विजेच्या चेतकचं पाच वर्षांनंतरचं मोल तिच्या बॅटरीत किती क्षमता उरली आहे यावर ठरणार. म्हणून सर्व्हिस सेंटरमधून त्याचा लेखी अहवाल मागायची सवय आजच लावून घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मालवाहू टेम्पोत होतं, आणि ज्याला त्याची सर्वात कमी झळ सोसवते त्याचं होतं. समजा दहा लाखांची पिकअप आठ वर्षं, वर्षाला चाळीस हजार किलोमीटर चालली आणि शेवटी तीन लाखांना गेली. सात लाख रुपये तीन लाख वीस हजार किलोमीटरमध्ये झिजले, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये एकोणीस पैसे. चाकणच्या कंपनीला दर देताना मालक डिझेल, ड्रायव्हर, टोल, टायर आणि बँकेचा हप्ता धरतो. हप्ता चालू असतो तोवर झिजेचे पैसे त्यातून आपोआप भागतात. पाचव्या वर्षी हप्ता फिटतो आणि मालकाला वाटतं, आता गाडी फुकट चालते. तो दर पाडून काम घेतो. आठव्या वर्षानंतर फिटनेस दर दोन वर्षांऐवजी दर वर्षी करावा लागतो, दुरुस्ती वाढते, गाडी विकायची वेळ येते आणि नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला हातात काही नसतं. टक्केवारी वर्षावर टांगल्याचा हा परिणाम आहे. टेम्पो किलोमीटरने आणि ओझ्याने झिजतो. कॅलेंडरकडे बघणाऱ्याला ती झीज दिसतच नाही.

घरच्या मोटारीत चूक नेमकी उलट होते. आठ लाखांची गाडी तक्त्याप्रमाणे पाच वर्षांत चार लाखांवर आली, म्हणजे वर्षाला ८० हजार गेले. तीच आणखी पाच वर्षं ठेवून दीड लाखाला विकली तर त्या पाच वर्षांत अडीच लाख, म्हणजे वर्षाला ५० हजार. दर पाच वर्षांनी गाडी बदलणारा माणूस उताराचा सर्वात तीव्र भाग पुन्हा पुन्हा विकत घेतो, वर पुन्हा ८८ हजारांचा रस्ता कर आणि कर्जाचं व्याज. जुनीची जास्तीची दुरुस्ती वर्षाला तीस हजारांच्या वर जात असेल तर बदला जरूर. पण तो आकडा वहीत मांडल्याशिवाय, नुसतं ‘पाच वर्षं झाली’ म्हणून विकू नका.

माझी विनंती दोघांना आहे. टेम्पोवाल्यांनो, हप्ता फिटला तरी किलोमीटरमागे दोन-सव्वादोन रुपये दरात धरा आणि वेगळ्या खात्यात टाकत राहा. आणि मोटारवाल्यांनो, पाच वर्षांवरच्या गाडीचा विमा भरताना समोर आलेला आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीचा, आकडा तसाच मान्य करू नका. गाडीचे फोटो आणि सर्व्हिसच्या पावत्या घेऊन तो वाढवून मागा. तो आपसात ठरवायचा आहे आणि तेवढा अधिकार टॅरिफने तुम्हाला दिला आहे.